खोकरीचे घुमट : शैली, शिलालेख आणि परिभाषा

आगरदांड्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून दिघीकडे जाणाऱ्या प्रवाशाने खोकरीचे घुमट आधीच मागे टाकलेले असतात. मुरूडहून येणाऱ्या रस्त्यावर, राजपुरीच्या पुढे, तीन दगडी कबर-इमारती उभ्या आहेत. पण या बाजूस येणाऱ्याचे डोळे समुद्रातल्या जंजिऱ्याकडे लागलेले असतात. मराठी ग्रंथांचीही हीच गत आहे. शिवाजी महाराजांचे जंजिऱ्यावरील प्रयत्न, संभाजी महाराजांनी १६८२ साली घातलेला वेढा, १७३३ ची बाजीरावांची मोहीम यांवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. सिद्दी त्या लिखाणात येतो तो प्रतिस्पर्धी म्हणून, आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोफा मोजल्या जातात, त्याच्या इमारती वाचल्या जात नाहीत. परिणामी खोकरीसंबंधी जे काही थोडे सांगितले जाते ते जवळजवळ सर्व एकाच परिच्छेदातून आलेले आहे. तो परिच्छेद १८८३ साली निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या कुलाबा व जंजिरा या खंडातील होय. १९६४ साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही तोच मजकूर फारसा न तपासता पुढे आला, आणि आजची मार्गदर्शक पुस्तके त्याचीच नक्कल करतात.

त्या परिच्छेदाचा आशय असा : खोकरीस तीन भक्कम दगडी कबरी आहेत, त्यांतील सर्वांत मोठी सिद्दी सिरुलखानाची असून ती त्याने हयातीतच बांधविली असे सांगतात, उरलेल्या दोन सिद्दी कासीम ऊर्फ याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांच्या, या दोहोंवर अरबी लेख आहेत, कबरींच्या देखभालीसाठी गावांचे उत्पन्न तोडून दिलेले आहे आणि दर गुरुवारी तेथे कुराणपठण होते. माहिती म्हणून हा परिच्छेद मौल्यवान आहे. त्याच्या लेखकाने स्थळ पाहिले होते किंवा पाहणाऱ्याकडून ते समजून घेतले होते, एवढे त्यातील तपशिलावरून स्पष्ट होते. मात्र या इमारतींच्या शैलीविषयी त्यात एकच विशेषण येते, ‘इंडो-सॅरसेनिक’. त्या एका विशेषणाने पुढच्या सर्व वाचकांची जिज्ञासा जणू शांत करून टाकली आहे.

हे विशेषण कोठून आले हे पाहण्यासारखे आहे. ‘सॅरसेन’ हा शब्द ग्रीक-लॅटिन लेखकांनी प्रथम रोमन साम्राज्याच्या सिरियाकडील सीमेवर वावरणाऱ्या काही अरब टोळ्यांसाठी वापरला. मध्ययुगीन युरोपात तो सरसकट सर्व मुसलमानांना लावला गेला. ज्यांना तो लावला गेला त्यांनी स्वतःस तो कधीही लावून घेतला नाही, हे या शब्दाचे पहिले वैगुण्य. जेम्स फर्ग्युसन याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेच्या इतिहासात भारतातील मुसलमानी इमारतींचा विभाग याच नावाखाली मांडला, आणि त्याच्या ग्रंथाच्या अधिकाराने हा शब्द सरकारी लेखनात स्थिरावला. गॅझेटियरच्या लेखकाने तो फर्ग्युसनच्या परंपरेतून उचलला असावा. पण दरम्यान शब्दानेच आपले घर बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश वास्तुविशारदांनी भारतीय घुमट-कमानी घेऊन उभारलेल्या सरकारी इमारतींना तो लागू झाला. मुंबईतील प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आज एखाद्या विद्यार्थ्याने खोकरीचे वर्णन वाचले तर त्याच्या मनापुढे जॉर्ज विटेटच्या हातची इमारत उभी राहण्याचाच संभव अधिक. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या सिद्दी सरदारांचे थडगे आणि विसाव्या शतकातील इंग्रजी संग्रहालय यांना एकाच नावाखाली आणणारी परिभाषा काही सांगत नाही. ती केवळ दोन्हीकडे घुमट आहे एवढे नोंदवते.

या जुन्या शब्दाला कंटाळलेले अभ्यासक हल्ली दुसऱ्या टोकास जाताना दिसतात. ते ‘प्रारंभिक इस्लामी स्थापत्या’पासून सुरुवात करतात आणि तेथून एक सरळ रेषा खोकरीपर्यंत ओढतात. या मांडणीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती अधिक सावधपणे तपासली पाहिजे. चौरस खोलीवर घुमट ही कबर-इमारतीची कल्पना इस्लामच्या पहिल्या शतकांतच आकाराला आली. वस्तुतः आरंभीच्या धर्मभावनेचा कल कबरीवर इमारत उभारण्याच्या विरुद्धच होता. कबर जमिनीलगत असावी, तिचा थाट होऊ नये, अशी ती वृत्ती. तरीही नवव्या शतकात इराकातील सामर्रा येथे अष्टकोनी ‘कुब्बत-अस्-सुलैबिया’ उभी राहिली आणि दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुखारा येथे सामानी घराण्याची कबर बांधली गेली. बुखाऱ्याची ती इमारत भाजक्या विटांची आहे : चारही बाजूंना दार असलेला घन, आत कोपऱ्यांत कमानी टाकून चौरसाचा अष्टकोन केलेला, त्यावर घुमट, आणि वर चार कोपऱ्यांत चार लहान घुमट्या. मूळ युक्ती सासानी इराणच्या अग्निमंदिरांची. चौरसावर गोल कसा बसवावा हा प्रश्न इराणी गवंड्यांनी इस्लामच्या आधीच सोडविला होता.

आता खोकरीच्या मोठ्या इमारतीकडे पाहावे. चौरस बांधणी, भिंतींवर कमानदार कोनाड्यांच्या रांगा, माथ्यावर कंगोऱ्यांची ओळ, कोपऱ्यांवर मिनारवजा बुरुज्या आणि मध्ये घुमट. बुखाऱ्याच्या चार घुमट्या जे काम करतात तेच या बुरुज्या करतात : चौरसाच्या टोकदार कोपऱ्यांवरून नजरेला हळूच वर घेऊन गोलाकडे वळवितात. तेव्हा कुळी जुनी आहे यात शंका नाही. पण कुळी सांगणे म्हणजे व्यक्तीचे वर्णन करणे नव्हे. मराठीचा संबंध महाराष्ट्री प्राकृताशी जोडून दाखविल्याने ज्ञानेश्वरीच्या भाषेचे वैशिष्ट्य जसे कळत नाही, तसेच बुखाऱ्याचे नाव घेतल्याने खोकरी कळत नाही. मधली आठ शतके आणि त्यांतील दख्खनचा सबंध कालखंड या सरळ रेषेत अदृश्य होतो.

शिवाय ‘प्रारंभिक इस्लाम’ हा विषय कोकणाला परका नाही. तो येथे इमारतींत सापडत नाही, शब्दांत सापडतो, एवढेच. अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, सैमूर येथे आला होता. सैमूर म्हणजे याच किनाऱ्यावरचे, मुरूडच्या उत्तरेचे चौल. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले. त्यांच्या प्रमुखाच्या पदाला तो फारसी वळणाचे नाव देतो. त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील चिंचणीच्या ताम्रपटात संजाण प्रदेशाचा अधिपती म्हणून एका ताजिकाचे, म्हणजे अरबाचे, नाव येते. ते नाव ‘मधुमती’ असे आहे. दिनेशचंद्र सरकार यांनी हा ताम्रपट संपादित करून या नावामागे ‘मुहम्मद’ आहे हे दाखविले. संस्कृत लेखकाने ऐकलेल्या ध्वनींना आपल्या भाषेत अर्थ असलेल्या रूपात बसविले, आणि तेही एका मठाला दिलेल्या दानाच्या लेखात! कोकणातील प्रारंभिक इस्लामची याहून बोलकी खूण कोणत्याही दगडी कमानीत मिळणार नाही. ज्याला या किनाऱ्यावर तो काळ शोधावयाचा आहे त्याने ताम्रपट आणि अरबी प्रवासवर्णने उघडावीत. खोकरीवर तो लादू नये.

खोकरीला स्वतःचा काळ आहे, आणि तो तिच्या दगडावर कोरलेला आहे. येथेच गॅझेटियरच्या परिच्छेदातील दुसरा, अधिक गंभीर दोष दिसतो. याकूतखानाच्या कबरीवरील अरबी लेखाचा आशय त्यात दिला आहे : मृत्यू गुरुवारी, जमादिलावल महिन्याच्या ३० तारखेस, हिजरी १११८ मध्ये. त्यापुढे इसवी सन म्हणून १७०७ हे वर्ष घातले आहे, आणि १७०७ हेच पुढे सर्वत्र रूढ झाले. पण हे रूपांतर चूक आहे. हिजरी १११८ चा पहिला दिवस १५ एप्रिल १७०६ रोजी पडतो. मोहरमपासून जमादिलावलच्या अखेरपर्यंत पाच महिन्यांचे १४८ दिवस होतात. म्हणजे ३० जमादिलावल ही तारीख ९ सप्टेंबर १७०६ ला येते. त्या वेळी इंग्रजांच्या मुंबईत चालणाऱ्या जुन्या पंचांगाप्रमाणे २९ ऑगस्टला. आणि ९ सप्टेंबर १७०६ हा दिवस गुरुवारच होता. वार, तारीख, महिना आणि वर्ष या चारही गोष्टी एकमेकींशी तंतोतंत जुळतात. तेव्हा लेखाचे वाचन बरोबर आहे, चुकला तो त्यापुढे लावलेला इसवी सनाचा आकडा.

ही चूक कशी झाली असावी याचा अंदाज करता येतो. हिजरी १११८ हे वर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याला एका वेगळ्या मृत्यूमुळे पाठ असते. औरंगजेब याच वर्षी, जिल्कादच्या २८ तारखेस, अहमदनगरजवळ मरण पावला, आणि ती तारीख मात्र ३ मार्च १७०७ ला येते. १११८ म्हणजे १७०७ हे समीकरण बादशहासाठी खरे आहे, त्याच्या सिद्दी सरदारासाठी नाही. दोघांचे मृत्यू एकाच हिजरी वर्षात पडले, पण त्यांच्यामध्ये सहा महिन्यांचे अंतर आहे, आणि त्या सहा महिन्यांच्या आत इसवी सन बदलतो.

खैरियतखानाच्या कबरीसंबंधी छापील वर्णनांत आणखी विचित्र जोडी आढळते : हिजरी १०१८ आणि इसवी १६९६. हिजरी १०१८ म्हणजे १६०९ चा सुमार. खैरियतखानाच्या कारकीर्दीशी त्याचा मेळ बसूच शकत नाही. ११०८ हे वर्ष मात्र ३१ जुलै १६९६ रोजी सुरू होते, तेव्हा आकड्यांची अदलाबदल झाली हे उघड आहे. अरबी अंकांत शून्य म्हणजे केवळ एक टिंब असते. ते एक स्थान सरकले की शतकच्या शतक मागे जाते. हा दोष पाथरवटाचा, वाचणाऱ्याचा की खिळे जुळविणाऱ्याचा हा प्रश्न वेगळा. पण १०१८ आणि १६९६ हे दोन आकडे शेजारीशेजारी छापून ते तसेच पुढे चालू देणे हे संपादनाच्या शिस्तीला शोभणारे नव्हे.

प्रारंभिक इस्लामी कलेच्या अभ्यासातून खोकरीने काही घ्यावयाचेच असेल तर ते घुमटाच्या वंशावळीपेक्षा लेख वाचण्याची पद्धत घ्यावी. जेरुसलेमच्या ‘कुब्बत-अस्-सख्रा’मध्ये सोनेरी काचतुकड्यांचा जो दीर्घ लेख आहे, त्यात बांधणारा म्हणून अब्बासी खलीफा अल्-मामून याचे नाव आहे, तारीख मात्र हिजरी ७२, म्हणजे इ. स. ६९१-९२. मामूनचा काळ त्यानंतर सव्वाशे वर्षांनी येतो. नवव्या शतकात मूळ बांधणाऱ्याचे, उमय्या खलीफा अब्द-अल्-मलिक याचे, नाव काढून तेथे मामूनचे बसविले गेले. वर्ष बदलावयाचे मात्र राहून गेले. त्या एका न बदललेल्या आकड्याने बनाव उघडा पाडला आणि इमारतीचा काळ निश्चित केला. खोकरीत कोणी बनाव केलेला नाही. पण तारीख ही इमारतीच्या वर्णनातील शोभेची ओळ नसून सर्व विवेचन जिच्यावर तोलावयाचे ती गोष्ट आहे, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

१७०६ आणि १७०७ यांत असे काय मोठे अंतर आहे, असे कोणी विचारील. शैलीच्या प्रश्नाला हात घातला की ते अंतर जाणवू लागते. सिद्दी प्रथम अहमदनगर-विजापूरच्या चाकरीतले. १६७० च्या सुमारास त्यांनी विजापूर सोडून मोगलांचा आश्रय केला, आणि याकूतखान हा किताब औरंगजेबाच्या कृपेचा. १६८९-९० मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडून धरणारा सरदार तो हाच, आणि ते त्याने मोगलांचा आरमारी सेवक या नात्याने केले. १६८६ मध्ये विजापूर बुडाले. म्हणजे याकूतखान वारला तेव्हा आदिलशाही संपून वीस वर्षे झाली होती, बादशहा हयात होता आणि दख्खनमध्येच तळ देऊन होता. औरंगाबादेस बीबी-का-मकबरा १६६१ पासून उभा होता : बागेच्या मध्यावर उंच जोत्यावरची पांढरी इमारत, चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र मिनार. मोगल सरदाराच्या कबरीसाठी नमुना हवा असता तर तो याच मुलुखात होता.

खोकरीने तो घेतला नाही. येथील घडण विजापूर आणि अहमदनगरच्या वळणाची आहे : गडद दगड, भिंतीलाच चिकटून राहणाऱ्या बुरुज्या, कोनाड्यांच्या थरांनी हलकी केलेली भिंत, पाकळ्यांच्या वेढ्यातून उगवणारा घुमट. मृत्यूची तारीख ही बांधकामाची तारीख नव्हे, हे खरे. लहान कबरी थोड्या नंतर पुऱ्या झाल्या असतील. पण १७०७ हे वर्ष धरले की एक सोपे स्पष्टीकरण तयार मिळते : बादशहा गेला, साम्राज्याची पकड सुटली, म्हणून सरदार पुन्हा जुन्या वळणावर गेले. १७०६ धरले म्हणजे ते इतके सोपे राहत नाही. राजनिष्ठा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच बदलली होती. दगडाची बोली बदलली नव्हती. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला यात नवल वाटू नये. दरबाराची भाषा फर्मानाने बदलते. शोक ज्या भाषेत करावयाचा ती मात्र सहसा फर्माने मानीत नाही.

सिरुलखानाची मोठी इमारत या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते. त्याची कारकीर्द १७०७ ते १७३४ अशी दिली जाते. इमारत त्याने हयातीत बांधविली ही परंपरा खरी असेल, तर तो ज्या विजापुरी वळणाने बांधीत होता त्याचा आश्रयदाता दरबार तेव्हा जगात उरलेलाच नव्हता. हयातीत स्वतःची कबर बांधण्याची रीतदेखील विजापूरच्या सुलतानांची. मुहम्मद आदिलशहाचा गोल घुमट हे तिचे सर्वांत भव्य उदाहरण. म्हणून खोकरीला विजापूरची कोकणी नक्कल म्हणून हिणविणे बरोबर नाही. नक्कल समोर असलेल्याची करतात. येथे मूळ बोलणारे नाहीसे झाल्यावर एका टोकाच्या बंदरात टिकून राहिलेली बोली आहे. तिच्यात विजापुरी नाजूकपणा कमी आहे हे मान्य करावे लागते. इब्राहीम रोजाच्या जाळीदार अक्षरकामाशी तुलना केली तर खोकरीच्या भिंती अबोल वाटतात. परंतु घनाचा आणि घुमटाचा तोल मोठ्या इमारतीत उत्तम साधला आहे, आणि ती लांबून पाहण्यासाठी बांधली आहे याचे भान तिच्या गवंड्यांना निश्चित होते.

आणखी एक अपेक्षा या इमारतींवर लादली जाते. सिद्दी हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले. तेव्हा त्यांच्या कबरींत काही आफ्रिकी खूण असलीच पाहिजे, असे गृहीत धरून काही जण ती शोधू लागतात. ती सापडत नाही, आणि सापडावी अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. दख्खनच्या कलेत हबशांचा वाटा बाहेरून आणलेल्या नक्षीचा नसून ती कला घडविण्यातलाच आहे. इब्राहीम रोजाच्या लेखात बांधकाम पाहणारा म्हणून ज्याचे नाव येते तो मलिक संदल हबशी मानला जातो. विजापूरच्या जामी मशिदीतील रंगीत मेहराबीचे काम मुहम्मद आदिलशहाच्या काळात याकूत दाबुली याने केले. ‘दाबुली’ हे उपपद दाभोळचे, म्हणजे पुन्हा कोकणकिनाऱ्याचे. खुल्दाबादेस मलिक अंबरची कबर आहे. १६२६ साली वारलेल्या या हबशी मुत्सद्द्याचा घुमट आणि खोकरीचे घुमट एकाच परिवारातले दिसतात. हबशांनी दख्खनी शैली उसनी घेतली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांचीही होती असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

त्यांचा भूतकाळ इमारतीत नसला तरी नावांत आहे. याकूत म्हणजे माणिक, अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य, संदल म्हणजे चंदन. रत्नांची आणि सुवासांची ही नावे इस्लामी जगतात गुलामांना देण्याचा परिपाठ होता, आणि गुलामगिरी संपून सत्ता हाती आल्यावरही ती मिरविली गेली. गॅझेटियरने ‘सिरुल’ म्हणून छापलेले नावही मुळात ‘सुरूर’ म्हणजे आनंद हेच असावे. इतर नोंदींत ते तसेच आढळते. दोन ‘र’कार लागोपाठ आले की दुसऱ्याचा ‘ल’ होण्याचे विषमीकरण अनेक भाषांत दिसते. हे रूप लोकांच्या तोंडचे असून छापखान्याची चूक म्हणून ते टाकून देऊ नये. पण त्याचे मूळ सांगितल्याशिवाय ते वापरूही नये. ‘सिद्दी’ शब्दाच्या मागे ‘सय्यिदी’, माझे स्वामी, हे अरबी संबोधन आहे, आणि ‘जंजिरा’ म्हणजे ‘जझीरा’, बेट. ‘जंजीर’ म्हणजे साखळी या फारसी शब्दाशी त्याचा घोटाळा करून सांगितल्या जाणाऱ्या कथा रंजक असतात, एवढेच.

शैलीला नाव द्यावयाचे तर ‘इंडो-सॅरसेनिक’ सोडून ‘उत्तर-दख्खनी’ असे काहीतरी वापरता येईल. मात्र त्यात दिशेचा भास होतो, हा दोष. ‘विजापुरोत्तर’ अधिक नेमके आहे. इमारतीला मात्र नवे नाव देण्याची गरज नाही. मुरूड-आगरदांड्याकडे तिला घुमट म्हणतात. हा फारसी ‘गुंबद’ होय, पण मराठीत येताना त्याने महाप्राण ‘घ’ आणि मूर्धन्य ‘ट’ घेतला, ‘घुमणे’ या धातूशी नाते जोडले आणि ज्याच्या खाली आवाज घुमतो ते छत असा अर्थ लोकांनी त्याला दिला. पुढे छताचे नाव सबंध इमारतीला लागले, इमारतीचे कबरीला लागले, आणि ‘घुमटी’ या रूपाने ते गावोगावच्या देवांच्या लहान देवळ्यांनाही मिळाले. मोल्सवर्थपासूनच्या कोशकारांनी घुमटाचे जे अर्थ नोंदविले आहेत त्यांत खोकरीतला हा अर्थ, घुमट म्हणजे कबर, स्वतंत्रपणे दाखविणे आवश्यक आहे. आणि कबरीसाठी स्थानिक माणूस ‘थडगे’, ‘दर्गा’ व ‘घुमट’ यांपैकी कोणता शब्द केव्हा वापरतो, याची नोंद या किनाऱ्यावरच्या बोलीच्या पुढील पाहणीत व्हावयास हवी.